डोहातले माहेर

एका राज्यात, मणिकेतू राजाच्या राज्यशकाच्या अकराव्या वर्षी, श्रावण महिन्यातील शुद्ध चतुर्थीस, पावसाळा निम्मा सरला असताना, राजवाड्याच्या पूर्वेकडील सज्ज्यावर एक खंड्या पक्षी येऊन बसला. त्याच्या चोचीत मासा नव्हता आणि पंख कोरडे होते. अर्थात तो शिकारीसाठी आला नव्हता. तो बोलण्यासाठी आला होता.

"महाराज," खंड्या म्हणाला, "मी मुऱ्हाळी आहे. आमच्या लेकीला न्यायला आलो आहे."

राजाने मान खाली घातली. प्रधानाने खिडकीबाहेर पाहिले.

राजाची राणी ऊर्मिका ही परी होती. राज्याच्या उत्तर सीमेवर एक खोल, हिरवा डोह होता आणि त्यात सात पऱ्या राहत असत. ऊर्मिका त्यांतली धाकटी. राज्यशकाच्या चौथ्या वर्षी राजाने तिला मागणी घातली, तिने विचार करून होकार दिला, आणि सर्वांसमक्ष लग्न लागले. लपवाछपवी कसलीही झाली नाही. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला तिच्या भावाने यावे, अशी त्या राज्याची रीत होती. अशा भावाला मुऱ्हाळी म्हणत. पऱ्यांना भाऊ नव्हता. म्हणून डोहाच्या काठी राहणारा खंड्या ते काम करी. राणी त्याला 'भाऊराया' म्हणे आणि तो तिला 'धाकटे' म्हणे.

लग्नाच्या दिवशी ऊर्मिकेने पाण्याच्या तंतूंनी विणलेला एक शेला राजाच्या हाती दिला होता. "हा सांभाळा," ती म्हणाली होती. "हा अंगावर असल्यावाचून डोहाचे पाणी मला वाट देणार नाही. माहेरी जाताना मी मागून घेईन."

राजाने तो सांभाळला. परंतु त्याच वर्षी त्याने एक चूक केली. त्याने ग्रंथपाल पंडित श्रुतसेन यांना बोलावून विचारले, "पऱ्यांविषयी आपल्या ग्रंथालयात काय काय लिहिलेले आहे?"

पंडितांनी ग्रंथांचे सात भारे आणवले. ते प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी एकही पान गाळले नाही. अतिप्राचीन भूर्जपत्रांवर लिहिले होते की, पऱ्या या पाण्याच्या माता होत. त्या रागावल्या तर नदी पात्र बदलते. ताडपत्रांवर लिहिले होते की, पऱ्या या स्वर्गातील नर्तकी होत. शाप भोगायला त्या खाली येतात आणि शाप संपला की निघून जातात. पुढे कागद आला आणि कवी आले. कवींनी पऱ्यांना पंख दिले, त्यांची उंची कमी केली आणि त्यांना फुलातला मध चाखून जगायला लावले. शतकाशतकाला पऱ्यांचे रूप बदलत गेले. एकच गोष्ट बदलली नाही. परीचे वस्त्र, पैंजण, पंख, जे काही नवऱ्याकडे असेल ते तिला परत मिळाले, की ती जाते आणि पुन्हा कधीही येत नाही, यावर सातही भाऱ्यांचे एकमत होते.

"कधीही नाही?" राजाने विचारले.

"एकही उदाहरण आढळत नाही, महाराज," पंडित म्हणाले.

राजाचे राणीवर फार प्रेम होते. तो घाबरला. राणीला न विचारता त्याने शेला उचलला आणि काजळकड्यावर राहणाऱ्या कज्जलनाथ नावाच्या जादूगाराकडे ठेव म्हणून ठेवला.

त्यानंतर दर श्रावणात खंड्या येई आणि राजा कारणे सांगे. पहिल्या वर्षी दुष्काळ होता. दुसऱ्या वर्षी यज्ञ होता. तिसऱ्या वर्षी शेजारच्या राजाचे लग्न होते. चौथ्या वर्षी राजाच्या गुडघ्याला सूज होती. अशी सहा वर्षे गेली. राणी काही बोलत नसे. ती राजाशी सोंगट्या खेळे, जिंके, हसे. फक्त श्रावणात सज्ज्यावर जाऊन उत्तरेकडे पाहत बसे.

म्हणून अकराव्या वर्षी खंड्या आला तेव्हा प्रधानाने खिडकीबाहेर पाहिले.

"भाऊसाहेब," राजा म्हणाला, "यंदा नवीन धान्यकोठारांचे काम निघाले आहे. राणीसाहेबांवाचून—"

"राणीसाहेब विटा वाहतात काय?" खंड्याने विचारले.

राजा बोटातली अंगठी फिरवू लागला.

"मग आमच्या थोरलीचा निरोप ऐकावा. हे सातवे वर्ष. जोवर आमची लेक ओटी भरून माहेरी येत नाही, तोवर आपल्या राज्यातील एकाही लेकीला माहेराची वाट सापडणार नाही."

एवढे बोलून तो उडाला. शापाचा अंमल त्याच क्षणी सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. चाफी नावाची एक कुंभाराची सून हातात गाठोडे घेऊन माहेरी निघाली. भाऊ पुढे चालला होता. माहेर चार कोसांवर. तिने ओढा ओलांडला, वडाला वळसा घातला, देवळाचा कळस पाहिला, आणि पुढचे पाऊल टाकले ते सासूच्या उंबऱ्यावर. भाऊ एकटाच माहेरी पोहोचला.

"आलीस? आत्ता तर गेलीस!" सासू म्हणाली. "विसरलीस काय?"

"काही नाही विसरले, आत्याबाई. वाटच परत फिरली."

"वाटा परत फिरत नाहीत. तूच रेंगाळली असशील."

मग सासू स्वतः आपल्या माहेरी जाऊन पाहते म्हणाली. ती गेली आणि घटकाभरात परसातल्या तुळशीपाशी उभी आढळली. त्यानंतर तिने सुनेला बोल लावला नाही.

राजाने उपाय केले. पहिल्यांदा त्याने एका नव्या नवरीबरोबर चाळीस घोडेस्वार दिले. संध्याकाळी चाळीसही जण नवरीसह सासरच्या अंगणात परत आले आणि घोड्यांना फार ओशाळल्यासारखे झाले. दुसऱ्यांदा त्याने सासरच्या खांबापासून माहेरच्या खांबापर्यंत दोर बांधविला. नवरी दोर धरून दिवसभर चालली आणि ज्या खांबापासून निघाली त्याच खांबाला येऊन टेकली. तिसऱ्यांदा त्याने पालखी दिली. पालखी माहेरी पोहोचली, पडदा उघडला, आत कोणी नव्हते. नवरी सासरच्या विहिरीवर पाणी शेंदत होती.

आयांची वाट मोकळी होती. त्या लेकींना भेटून येत. परंतु लेकीच्या सासरी आईने किती राहावे? दुपारचे जेवण झाले की त्या निघत. माहेरी गेल्यावर लेक उन्हे वर येईपर्यंत झोपते, ते सासरी कसे जमावे? श्रावण गेला, गौरी-गणपती गेले, दिवाळी आली. लेकींसाठी माहेरी मांडलेले पाट भाऊबीजेला रिकामेच राहिले.

कार्तिक वद्यात चाफी राजवाड्यावर आली. द्वारपालाने अडवले तेव्हा तिने डोक्यावरचा घडा खाली ठेवला आणि म्हणाली, "मी आत जाईन, नाहीतर हा घडा इथे फोडीन, नि झाडायला तुलाच लावीन." द्वारपालाने तिला आत सोडले.

राजा व राणी सोंगट्या खेळत होते. चाफीने नमस्कार केला.

"महाराज, माझी आई अंथरुणाला खिळली आहे. वैद्य म्हणतात, महिना काढील. मला चार कोस जायचे आहेत. मी एकवीस वेळा निघाले आणि एकवीस वेळा घरीच पोहोचले. काय करायचे ते आपण करा."

राणीने सोंगटी पटावर ठेवली आणि राजाकडे पाहिले. सात वर्षांत तिने प्रथमच तो प्रश्न विचारला.

"माझा शेला कोठे आहे?"

"सुरक्षित आहे," राजा म्हणाला.

"तो सुरक्षित राहावा म्हणून मी दिला नव्हता. लागेल तेव्हा मिळावा म्हणून दिला होता."

राजाने खेळ अर्धा टाकला आणि त्याच दिवशी एकटा काजळकड्याकडे निघाला. कड्याच्या पायथ्याशी एका करवंदीच्या जाळीवर खंड्या बसला होता.

"कोठे?" खंड्याने विचारले.

"ठेव परत आणायला."

"मी येतो. आपल्याला वाट दाखवायला नव्हे. आपण परत फिरलात तर पाहायला."

कज्जलनाथ आपल्या गुहेच्या दाराशी जात्यावर काजळ दळीत बसला होता. तो दुष्ट नव्हता; तो व्यवहाराला चोख होता. "ठेवणारे पुष्कळ येतात, राजा," तो म्हणाला. "परत मागणारा एखादाच. ठेव तीन अटींवर परत मिळते. पहिली अट: पायथ्याच्या झऱ्याचे पाणी उघड्या ओंजळीत घेऊन ये. पायऱ्या तीनशे आहेत. माझ्या जात्यावर ओंजळभर पाणी पडले पाहिजे."

राजा खाली गेला. त्याने ओंजळ भरली आणि बोटे घट्ट आवळली. शंभराव्या पायरीवर ओंजळ रिकामी झाली. दुसऱ्यांदा त्याने आणखी घट्ट आवळली. पन्नासाव्या पायरीवरच पाणी संपले.

"पाण्याचा गळा दाबता की काय?" खंड्या म्हणाला. "आम्ही पाण्यातली माणसे. आम्हाला हे पाहवत नाही."

तिसऱ्यांदा राजाने हात सैल ठेवले आणि तो सावकाश चढला. बोटे जेथे नुसती टेकली होती तेथून पाणी गळाले नाही. तीनशेव्या पायरीनंतर त्याने ओंजळ जात्यावर ओतली. कज्जलनाथाने बोट बुडवून पाहिले व म्हटले, "पुरे. आत जा. दुसरी अट आत बसली आहे."

गुहेच्या भिंतींना खालपासून वरपर्यंत फळ्या होत्या. सर्वांत खालच्या फळीवर शेवाळाची व सालीची वस्त्रे होती, इतकी जुनी की ती दगडासारखी दिसत. त्यावरच्या फळीवर सोन्याचे पैंजण होते. ते आपोआप मंद वाजत होते. त्यावर हंसाच्या पिसांची पांघरुणे. त्यावर चतुर किड्याच्या पंखांसारखे पातळ पंख, जोडीजोडीने घडी घातलेले. प्रत्येकाखाली नवऱ्याचे नाव कोरलेले होते. पंडित श्रुतसेनांच्या सात भाऱ्यांत वर्णिलेले सर्व तऱ्हेचे सामान तेथे होते. सर्वांत वर, एका दगडी पेटीवर, पिवळा नाग वेटोळे घालून बसला होता.

"खरे उत्तर देईल तो पुढे येईल," नाग म्हणाला. "खोटे देईल तो दगड होईल. राणीला माहेरी का पाठवले नाहीस?"

"राज्यात दुष्काळ होता," राजा म्हणाला.

त्याचे पाय घोट्यांपर्यंत दगड झाले.

"का पाठवले नाहीस?"

"राणी गेली तर प्रजेला पोरके वाटेल म्हणून."

तो कमरेपर्यंत दगड झाला. दारातून खंड्या म्हणाला, "महाराज, आणखी एक कारण सांगाल तर छातीपर्यंत व्हाल, आणि मग आम्ही आपल्यावर खुशाल घरटे बांधू."

"का पाठवले नाहीस?" नागाने तिसऱ्यांदा विचारले.

राजाने आपल्या दगडी कमरेकडे पाहिले. मग त्याने मान वर केली.

"मला भीती वाटली. ती गेली तर मी कोणाशी बोलू? सकाळी उठल्यावर पहिली गोष्ट मी तिलाच सांगतो. ती येणार नाही असे सगळीकडे लिहिले आहे. ती सुखी आहे की नाही हे मी विचारले नाही, कारण ती 'नाही' म्हणाली असती तर मला तिला सोडावे लागले असते."

दगड पावलांपर्यंत उतरला आणि नाहीसा झाला. नागाने वेटोळे सोडले. पेटी उघडली. आत शेला होता. त्याला अजून डोहाचा वास येत होता.

राजा बाहेर आला तेव्हा कज्जलनाथाने तिसरी अट सांगितली. "हा शेला आपल्या हाताने तिच्या हाती द्यायचा. ओटी भरून तिला पाठवायचे. आणि ती परत केव्हा येणार, हे विचारायचे नाही. विचारलेस तर शेला धूर होऊन जाईल."

"आणि ती आलीच नाही तर?"

"माझ्याकडे अटी असतात, उत्तरे नसतात," कज्जलनाथ म्हणाला आणि पुन्हा काजळ दळू लागला.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस सकाळी राजवाड्यात पाट मांडला. ओटी सवाष्णीने भरायची असते; राणीने चाफीला बोलावले. चाफीने हळदकुंकू लावले. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड आणि सुपारी राणीच्या पदरात घातली. राणीने रीतीप्रमाणे पाच दाणे उचलून पुन्हा ताटात टाकले, घरातले धान्य घरात राहावे म्हणून. मग राजाने शेला तिच्या हाती दिला. त्याचे ओठ हलले. त्याने ते मिटले.

"काही म्हणालात?" राणीने विचारले.

"नाही."

तिने क्षणभर वाट पाहिली. "काहीच नाही?"

"सांभाळून जा," राजा म्हणाला.

राणीने शेला खांद्यावर घेतला आणि ती पायऱ्या उतरली. खंड्या तिच्या पुढे उडत होता. डोह दीड दिवसाच्या वाटेवर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे पाऊल पाण्याला लागले, पाणी दुभंगले, आणि त्याच क्षणी राज्यातील सर्व वाटा सरळ झाल्या. सासूच्या उंबऱ्यावर तयार बसलेली चाफी निघाली आणि दिवस मावळण्यापूर्वी आपल्या आईच्या उशाशी जाऊन बसली. म्हातारीने डोळे उघडले, "उशीर केलास गं," म्हणाली, आणि पेज मागितली. वैद्याचा महिना चुकला. ती पुढे चार वर्षे जगली.

शाप सुटला. राज्यात त्या महिन्यात जितक्या लेकी माहेरी झोपल्या तितक्या पूर्वी कधी झोपल्या नसतील.

राजा मात्र वाट पाहत राहिला.

पौष गेला. माघ गेला. राजा रोज सकाळी उठे, काही सांगण्यासाठी वळे, आणि गप्प बसे. सोंगट्यांचा पट अर्ध्या डावात तसाच मांडलेला होता. दासींना त्यावरची धूळ सोंगटी न हलवता फुंकावी लागे. फाल्गुनात पंडित श्रुतसेन भेटीस आले आणि हळूच म्हणाले, "महाराज, ग्रंथांत जसे लिहिले आहे तसेच—"

"मला पाठ आहे," राजा म्हणाला.

वैशाख शुद्ध प्रतिपदेस राजाच्या आत्या गुणवंतीदेवी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी आल्या. त्यांचे सासर दूर दक्षिणेस होते. शापामुळे त्यांना गौरी-गणपतीत येता आले नव्हते, म्हणून त्या आधीच रागात होत्या. पालखीतून उतरल्या, पाय धुतले, गौरीला नमस्कार केला, आंब्याची डाळ चाखली, मीठ कमी असल्याचे सांगितले, आणि विचारले, "सूनबाई कोठे आहेत?"

"माहेरी," राजा म्हणाला.

"छान केलेस. कधी गेल्या?"

"मार्गशीर्षात."

आत्यासाहेबांनी डाळीची वाटी खाली ठेवली. "आज पाच महिने झाले की. आणायला कोण गेले आहे?"

राजाने त्यांच्या वाटीत आणखी डाळ वाढली.

"मी विचारते आहे, आणायला कोणाला पाठवलेस?"

"कोणालाही नाही. ती केव्हा येणार हे विचारायचे नाही, अशी अट होती."

"विचारायचे नाही, ठीक. जायचेही नाही, असे कोण म्हणाले?"

राजाने पळी खाली ठेवली.

"मणिकेतू," आत्यासाहेब म्हणाल्या, "तुझी आई समुद्रापलीकडून आली आणि तू रांगत होतास तेव्हाच गेली. तुला बहीण नाही. तुला ठाऊक नसेल, म्हणून एकदा सांगते. लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो. परत आणायला सासरचे माणूस जाते. कोणी आणायला आल्याशिवाय आपली आपण चालत सासरी आलेली लेक तू कधी पाहिली आहेस? लोक म्हणतात, माहेरी नकोशी झाली. आणि कोणी आणायला आलेच नाही, तर म्हणतात, सासरी नकोशी झाली. ती बिचारी पाच महिने तेथे बसून काय समजत असेल?"

"परंतु आत्यासाहेब, सातही भाऱ्यांत लिहिले आहे की पऱ्या परत येत नाहीत."

"कोणी लिहिले आहे?"

राजाने पंडितांकडे पाहिले. पंडित म्हणाले, "बहुतांशी… ज्यांच्या पत्नी निघून गेल्या, त्यांनीच."

"मग झाले तर! हातावर हात ठेवून मागे बसून राहिले त्यांनी ग्रंथ लिहिले. उठून आणायला गेले त्यांनी कशाला लिहावे? त्यांच्या घरी बोलायला बायको होती."

 राजा प्रधानाकडे वळला. "तुम्हाला ही रीत ठाऊक नव्हती?"

"होती, महाराज. आम्हा सर्वांना होती."

"मग कोणी सांगितले का नाही?"

"आम्हाला वाटले, महाराजांचीच मर्जी नसेल," प्रधान म्हणाले. "अशा गोष्टीत कोण बोलणार?"

"पाठवू का कोणाला?" सेनापतीने विचारले. "चाळीस घोडेस्वार तयार आहेत."

"घोडेस्वार?" आत्यासाहेब उठल्या. "दरोडा घालायचा आहे की काय? हा स्वतः जाईल. मुकुट नको. साखरेची पुडी, राणीसाठी लुगडे आणि सहा मेहुण्यांसाठी सहा खण. आणि दाढी कर. असा गेलास तर तेथे दाराशी उभे करणार नाहीत."

राजा द्वितीयेला पहाटे निघाला, रात्रीही चालत राहिला आणि तृतीयेच्या सकाळी डोहावर पोहोचला. पाणी हिरवे आणि स्थिर होते. काठावर खंड्या बसला होता. त्याने राजाकडे पाहिले, एक अक्षर न बोलता पाण्यात बुडी मारली आणि तो वर आला नाही. राजाने जोडे काढले, पाण्यात घोट्याइतका उतरला आणि हाक मारली.

पाण्यातून आवाज आला, "कोण?"

"मणिकेतू."

"असा कोणी आम्हाला ठाऊक नाही."

"राजा मणिकेतू."

"राजे पुष्कळ येतात. म्हशी धुवायला गुराखी येतात तितकेच."

राजाने थोडा विचार केला. "ऊर्मिकेचा नवरा."

"मग तसे आधी सांगावे!"

पाणी दुभंगले आणि एकामागून एक सहा पऱ्या वर आल्या. त्या पाण्याच्या मातांइतक्या भयंकर नव्हत्या, स्वर्गीय नर्तकींसारख्या सजलेल्या नव्हत्या आणि त्यांना पंखही नव्हते. ऊर्मिकेसारखेच त्यांचे नाक होते. त्यांनी राजाला कमळाच्या पानावर बसवले. त्याच्यासमोर शिंगाड्याची खीर ठेवली, आणि तो जेवत असताना त्याच्याकडे टक लावून पाहत बसल्या, ज्यामुळे त्याला जेवणे कठीण झाले.

"गुडघ्याची सूज उतरली का हो?" एकीने विचारले.

"कोठारांच्या विटा वाहून झाल्या?" दुसरीने विचारले.

"वाळलेत," तिसरी म्हणाली. "आमच्या धाकटीने सांगितले होते तितके देखणे नाहीत."

"गप्प बसा गं," थोरली म्हणाली. तिचे केस पांढरे होते आणि पाण्यात पसरले होते. ती राजाला म्हणाली, "पाच महिने आणि दोन दिवस. इतका उशीर?"

"मला वाटले, ती येणार नाही," राजा म्हणाला.

"आम्हाला वाटले, ती तुम्हाला नको आहे."

"नको?" राजा पानावरून उठू लागला, पान कलंडले आणि तो कमरेपर्यंत पाण्यात गेला. "मी सात वर्षे तिला पाठवली नाही, ते ती नको म्हणून काय? पाच महिने माझ्या घरात कोणी सोंगटीला हात लावलेला नाही! आपण निरोप तरी पाठवायचा होतात."

"लेकीच्या माणसांनी 'न्यायला या' असा निरोप पाठवायचा नसतो," थोरली म्हणाली. "आम्हालाही मान आहे. धाकटे, ऐकलेस?"

डोहाच्या मध्यातून ऊर्मिका वर आली. तिच्या अंगावर शेला होता आणि हातात एक मोठे गाठोडे होते.

"ऐकले," ती म्हणाली. "माझे गाठोडे माघापासून बांधलेले आहे. दर पंधरा दिवसांनी यांनी ते सोडायला लावले आणि दर पंधरा दिवसांनी मी ते पुन्हा बांधले."

राजा ओलेत्यानेच तिच्यासमोर उभा राहिला. बोलावयाचे पुष्कळ होते, पाच महिन्यांच्या सकाळी साठल्या होत्या.  शेवटी तो म्हणाला, "मी आणायला आलो आहे."

"ते दिसतेच आहे," ऊर्मिका म्हणाली. "एक सांगते. पुढच्या श्रावणात मी पुन्हा येणार."

"पाठवीन."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"तेव्हाही. मला विचारू नकोस. तू सांग, मी पाठवीन."

"आणि आणायला?"

"मीच येईन. भाद्रपदाच्या पहिल्या दिवशी."

"इतक्या लवकर नको," ती हसून म्हणाली. "गौरी आल्या की या."

थोरलीने धाकटीच्या कपाळाला कुंकू लावले. सहा बहिणींनी सहा वेळा तिला जवळ घेतले आणि मग सातव्यांदा सगळ्यांनी मिळून घेतले. त्या वेळी डोहाला लाटा आल्या. राजाला वाटेत कोणी ओळखले नाही, कारण त्याच्या डोक्यावर मुकुट नव्हता, गाठोडे होते.

"बरेच जड आहे," तो अर्ध्या वाटेवर म्हणाला. "काय भरले आहे एवढे?"

"घरी गेल्यावर सोडू. माहेरचे गाठोडे वाटेत सोडायचे नसते."

"हेही कोठे लिहिलेले नाही."

"नाही," ऊर्मिका म्हणाली. "तुम्ही मला विचारत जा."

येणेप्रमाणे, मणिकेतू राजाच्या राज्यशकाच्या बाराव्या वर्षी, वसंत ऋतूत, वैशाख शुद्ध तृतीयेस, सूर्य माथ्यावर येण्यापूर्वी, हे प्रकरण कायमचे मिटले. त्या दिवसापासून त्या राज्यात नवरा जातीने बायकोला आणायला जातो. आणि ज्या नवऱ्याला उशीर होतो, त्याला सासुरवाडीला कमळाच्या पानावर बसवतात.